लग्न राहू दे, आशीर्वाद तरी?

निर्णय नकोसा असला की बॉस काय करतो? कमिटी नेमतो. कमिटीचा रिपोर्ट, रिपोर्टवर मीटिंग, मीटिंगनंतर पुन्हा कमिटी. या खेळात चर्च ऑफ इंग्लंड आपल्या समस्त कॉर्पोरेटवाल्यांचा बाप आहे!

प्रश्न एका ओळीचा. एकमेकांवर प्रेम करणारे दोन पुरुष किंवा दोन बायका चर्चमध्ये आले, तर पाद्रीबुवांनी त्यांना आशीर्वाद द्यायचा की नाही? लग्न नाही हं. ते इंग्लंडमध्ये 2014 पासून रजिस्टर ऑफिसात होतंच, फक्त चर्च ऑफ इंग्लंडला त्यातून कायद्यानेच वगळलंय. भांडण आहे ते डोक्यावरच्या हाताचं.

2017 मध्ये जनरल सिनॉडने, म्हणजे चर्चच्या पार्लमेंटने, बिशपांच्या रिपोर्टची नोंद घ्यायलाही नकार दिला. मग ‘लिव्हिंग इन लव्ह अँड फेथ’ नावाचा अभ्यास आला. 2020 मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक. फेब्रुवारी 2023 मध्ये आठ तासांहून जास्त चर्चा करून सिनॉडने आशीर्वादाच्या प्रार्थनांना होकार दिला. बिशपांमध्ये 36 विरुद्ध 4. पण साध्या सभासदांच्या सभागृहात? 103 विरुद्ध 92. नोव्हेंबरमध्ये तर खास त्या जोडप्यासाठी वेगळी प्रार्थनासभा प्रायोगिक तत्त्वावर घ्यायचा मुद्दा तिथे अवघ्या एका मताने तरला. एखाद्याला त्या दिवशी सर्दी झाली असती तर संपलंच होतं.

तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी म्हणाले, प्रार्थनांचा आनंद आहे, पण मी स्वतः त्या वापरणार नाही. मी आधी हसले. पण माणूस खरंच कात्रीत सापडला होता. जगभरच्या अँग्लिकन चर्चेसना सांभाळायचं काम त्यांचंच, आणि त्यातल्या आफ्रिकेतल्या बऱ्याच बिशपांच्या मते बायबलशी ही सरळसरळ फारकत होती. फेब्रुवारी 2023 मध्येच ग्लोबल साउथच्या आर्चबिशपांच्या एका गटाने वेल्बींना पुढारी मानणं सोडलं.

तरी 17 डिसेंबर 2023 ला, रविवारी, सफोकमधल्या फेलिक्सस्टो गावात दोन महिला पाद्रींच्या जोडीला नेहमीच्या प्रार्थनेतच आशीर्वाद मिळाला. दुसऱ्याच दिवशी व्हॅटिकननेही दार किलकिलं केलं. वसई-गोव्याचे कॅथलिक ज्या चर्चचे, त्याचे पाद्री आता अशा जोडप्याला आशीर्वाद देऊ शकतात, मात्र विधी म्हणून नाही. जानेवारीत खुलासाही आला, साधारण 10-15 सेकंदांत आटपा! आपल्याकडे सत्यनारायणाला गेल्यावर चपला शोधायलाच याहून जास्त वेळ लागतो.

मला खटकतं ते हेच. नाही म्हणायचं तर म्हणा ना, श्रद्धा म्हणून मी ते समजू शकते. पण हो म्हणून वर घड्याळ लावायचं?

ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडच्या बिशपांनी ठरवलं की वेगळ्या प्रार्थनासभेला सिनॉडच्या तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतील. आता तो 103-92 चा आकडा आठवा. 195 मतांत दोन तृतीयांश म्हणजे 130! त्याच महिन्यात नव्या आर्चबिशप म्हणून सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. याच प्रक्रियेत बिशपांच्या बाजूने पुढे होत्या त्या. जानेवारी 2026 मध्ये त्या खुर्चीत बसल्या. जोडप्यांना मात्र अजून रविवारच्या गर्दीतच, बाकीच्या प्रार्थनांच्या मधे, आपला नंबर लावावा लागतोय.