सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा!

पहिली नोकरी, पहिला पगार आणि मग पहिली गाडी! नवी परवडत नाही म्हणून आपण सेकंडहॅण्ड बघतो. त्यात चूक काहीच नाही. चूक होते ती बघण्यात. आपण रंग बघतो, म्युझिक सिस्टीम लावून बघतो, एक चक्कर मारतो, सेल्फी काढतो. झालं!

माझ्या दादानेही हेच केलं. गाडी आतून मस्त घमघमत होती. पहिल्या पावसात तो सुगंध उतरला आणि कुबट वास यायला लागला. मेकॅनिकने डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली वाळलेला गाळ. गाडी पुरातली होती!

२०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाड्या धुऊनपुसून पुन्हा विकायला येऊ शकतात. सीट कव्हर नवं, पॉलिश नवं. आत वायरिंग मात्र गंजत राहतं. प्रश्न फक्त पैशांचा नाही. एअरबॅग आणि एबीएस याच वायरिंगच्या भरवशावर असतात. ऐन वेळी तेच दगा देऊ शकतात.

म्हणून गाडी दिवसाउजेडी बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीचे डाग आहेत का बघा. मॅट उचला, सीटखालचे बोल्ट तपासा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय. दारांच्या फटी कमी-जास्त असतील किंवा बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल, तर अपघाताबद्दल थेट विचारा. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करा; निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा. सर्व्हिसचं रेकॉर्ड आणि विम्याचे जुने क्लेम मागा.

हे सगळं दादाला माहीत नव्हतं असं नाही. 'विश्वास नाही का आमच्यावर?' असं विक्रेत्याने हसत विचारलं आणि तो गप्प बसला. भीड भिकेची बहीण, असं आजी उगाच म्हणत नाही. पुरातली गाडी विकणं गुन्हा नाही, पण ते लपवणं ही फसवणूकच आहे. आपण विचारतच नाही, म्हणून ती खपते.

तेव्हा ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याच्या कामाचे पैसे द्या. विक्रेता त्याला गाडी तपासू देत नसेल, तर सरळ निघून या. गाड्या काय, दुसऱ्याही मिळतात!