पिंप हे भांडं आहे, मसाला नव्हे!

तर मंडळी, आमच्या भाचेजावईंचं म्हणणं असं, की फ्रेंच व्हाईट वाईनला व्हॅनिलाचा वास आला की समजायचं, माल भारी. मला हे साफ नामंजूर! (लेकीकडे ल्योंला पाच-सहा उन्हाळे काढलेत, त्या बळावर हा आगाऊपणा. नाहीतर ओक म्हटलं की मला अजून आधी आडनावच आठवतं.)

अहो जावईबापू, तो वास द्राक्षाचा नाहीच, लाकडाचा आहे. ओकचं नवं पिंप आतून आगीवर शेकतात. त्यातून व्हॅनिला, लवंग, भाजलेला पाव असले वास वाईनमध्ये उतरतात. तीन-चार वर्षं वापरलं की पिंपाचा वास बहुतेक संपतो, पण खरं काम चालूच राहतं. लाकडातून किंचित हवा आत जाते, तळाच्या यीस्टच्या गाळावर वाईन सावकाश मुरते. बर्गंडीत मर्सो २२८ लिटरच्या पिंपांत ठेवतात ती यासाठी. लोणच्याची बरणी कधी लोणच्याला चव देते का?

आता शाब्ली घ्या. द्राक्ष तेच, शार्डोने. पण हवा थंड, आणि जमीन चुनखडीची, पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या इवल्या कालवांच्या शिंपल्यांनी भरलेली. वाईन कशी, लिंबासारखी लख्ख! बहुतेक जण ती स्टीलच्या टाकीत करतात. राव्हनो, दोव्हिसा ही नावाजलेली घराणी लाकूड वापरतात, पण मुख्यतः जुनं. तिथे नव्या लाकडाचा मारा केला की ती कुठलीही शार्डोने होऊन बसते. वळणदार अक्षर बघून मार्क देणारे काही सहकारी असत आमच्या शाळेत, तसलं हे कौतुक. उत्तर काय लिहिलंय ते वाचा ना!

बरं, नवं पिंप शेकडो युरोंचं, तो खर्च आपल्याच माथी. ज्यांना तो नको, त्यांना युरोपीय संघाने २००६ मध्ये टाकीत ओकचे तुकडे टाकायची मुभा दिली. चहाच्या पुरचुंडीसारखे बुडवायचे! अशा बाटलीवर 'पिंपात मुरवलेली' असं छापता येत नाही, पण तुकडे टाकलेत हे सांगायची सक्तीही नाही. म्हणजे तुमचा तो 'भारी' वास चार पैशांच्या ढलप्यांचाही असू शकतो.

चांगल्या मर्सोत नवं लाकूड काही वर्षांनी बाटलीतच जिरून जातं, हे मान्य. पण त्याला द्राक्ष तेवढं दमदार हवं, आणि विकत घेणाऱ्याला धीर हवा. तुम्ही तर बाटली आणल्या दिवशीच उघडता!