वहीचे दुखणे

दिवाळी आली की मला वहीपूजन आठवते. माझे वडील एका पेढीवर हिशेब लिहीत. आधी रोजकीर्द, मग खतावणी, हा त्यांचा नेम. व्यवहार घडला की तो प्रथम किर्दीत उतरायचा. खात्यावर सावकाश चढायचा. मध्येच उठावे लागले, तरी किर्द पाहून खतावणी पुरी करता येई. ही शिस्त माझ्या कधी उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. यंदा पडली.

गेली अकरा वर्षे मी विद्यार्थ्यांकडून बोलीतले शब्द गोळा करीत आहे. सुट्टीत मुले गावी जातात आणि आजीच्या तोंडचे शब्द टिपून आणतात. कोणी मालवणीतला ‘झील’ आणतो, कोणी अहिराणीतला ‘आंडोर’. मुलगा एकच; कौतुक निराळे! असे नऊ हजार शब्द महाविद्यालयातल्या सर्व्हरवर, मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये सुखाने नांदत होते. डेटाबेस म्हणजे वही आणि सर्व्हरवरचा प्रोग्राम म्हणजे ती राखणारा कारकून, एवढे माझे ज्ञान.

जूनच्या पहिल्या पावसात वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच निवर्तली होती. नव्या बॅटरीचा अर्ज कार्यालयात मंजुरीची वाट पाहत होता. वीज आली, कारकून उठला, वही उघडली आणि धाडकन कोसळला. मी पुन्हा उठवला, पुन्हा कोसळला. असे पाच वेळा झाले. स्टाफरूममध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाले, “प्रोग्राम काढून नवा घाला.” दुसरे म्हणाले, “सगळे पुसून टाका, कटकट नको.” तेवढ्यात संगणक विभागातला एक तरुण आला आणि त्याने माझा हातच धरला.

“सर, आता बटण दाबू नका. प्रोग्राम बिघडलेला नाही. तो मुद्दाम पडतो आहे.”

मुद्दाम? त्याने समजावले. ही वही सोळा सोळा किलोबाइटच्या पानांची असते आणि प्रत्येक पानावर पडताळ्याचा आकडा असतो. मजकूर आणि आकडा जुळला नाही, की कारकून काम थांबवतो. चुकीच्या पानावर पुढे लिहिण्यापेक्षा पडलेले बरे! वीज गेल्याने अर्धवट राहिलेले काम तो एरवी आपल्या रोजकीर्दीवरून पुरे करतो. (मला वडील आठवले.) पण इथे डिस्कचाच एक भाग खराब होऊन पाने गेली होती.

त्याने आधी प्रोग्रामची नोंदवही वाचली. पडण्याचे कारण तिथे लिहिलेलेच होते. मग साऱ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या आणि उपचार त्या प्रतीवर केले. कारकुनाला जबरीने उठवण्याच्या सहा पायऱ्या असतात. चौथीपासून पुढे वही कायमची बिघडण्याचे भय. आमचा कारकून पहिल्याच पायरीवर उठला. वाचता येतील तेवढे शब्द बाहेर काढून नव्या वहीत भरले. तीनशे चाळीस मात्र हाती लागले नाहीत.

“बॅकअप आहे ना, सर?”

“रोज रात्री होतो!” मी छाती फुगवून सांगितले. फाईल उघडली. जागा संपल्यामुळे चार महिने ती अर्ध्यावरच तुटत होती. एवढ्या दिवसांत मी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती.

थोरामोठ्यांच्या घरीही असे घडते. ११ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेत वैमानिकांना सूचना देणारी यंत्रणा एका बिघडलेल्या डेटाबेस फाईलमुळे बंद पडली. मूळ प्रत आणि राखीव प्रत यांचा मेळ घालताना कामगारांच्या हातून चुकून फायली पुसल्या गेल्या, असे नंतर चौकशीत आढळले. देशभरची उड्डाणे सकाळी काही काळ रोखली गेली. तेराशेहून अधिक रद्द झाली, हजारो उशिरा सुटली. मुळाशी सतत जुळवून घेणारी प्रत मुळातली चूकही इमानाने उतरवून घेते. म्हणून एखादी जुनी प्रत वेगळी, हात न लावता ठेवावी.

गेलेल्या शब्दांसाठी मी जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे धाडली. वह्या चाळून त्यांनी दोनशे बारा परत दिले. एका मुलीने कळवले, “सर, वही सापडत नाही, आणि आजीही आता नाही.” त्या पत्राला काय उत्तर लिहावे, मला अजून सुचलेले नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून शब्द मोजतो. “अहो, लक्ष्मीपूजनालाही तेच का?” घरातून प्रश्न आला आहे. वडील वहीपूजन करीत. मी वही उघडून पाहणार आहे. बॅटरीचा अर्ज अजून कार्यालयातच आहे.