भाला लांब जातो म्हणून कुणी पिचर होत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या एका पोराचे वडील भेटायला आले. एसटीत कंडक्टर आहेत. ड्युटी संपवून थेट मैदानावर, खाकीतच. हातात मोबाईल आणि मोबाईलवर कुठल्याशा शहरातल्या अकॅडमीची जाहिरात. 'बेसबॉल टॅलेंट हंट, अमेरिकेत खेळण्याची संधी'. तीन महिन्यांचा कोर्स, फी ४५ हजार.

"सर, पोरगं भाला लांब टाकतंय, कबड्डीत रेडर हाय, सॉफ्टबॉलच्या टीममधी तुम्हीच घेता त्याला. त्या पिच्चरमधली पोरंबी भालाच टाकत हुती की. भरू का पैसं?"

मी म्हटलं, दादा, आठ दिवस थांबा, नीट सांगतो. तेवढ्यात आणखी दोघा पालकांनी तीच जाहिरात पाठवली. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितोय. लांबलंय, पण ४५ हजारांचा प्रश्न आहे, वाचा.

आधी तो पिच्चर. 'मिलियन डॉलर आर्म', डिस्नेचा, २०१४ चा, संगीत आपल्या रेहमानचं. गोष्ट खरी आहे. जे. बी. बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन स्पोर्ट्स एजंटनं आणि त्याच्या भागीदारांनी २००८ साली भारतात स्पर्धा घेतली. जोरात आणि नेमका बॉल कोण फेकतो एवढंच बघायचं. ३७ हजारांहून जास्त पोरं आली. निवडली गेली दोन, दोघंही उत्तर प्रदेशातली, दोघंही भालाफेकीची. डावखुरा रिंकू सिंग आणि उजव्या हाताचा दिनेश पटेल. रिंकूचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास, दिनेशचा १४५ च्या. बेसबॉल दोघांनीही त्याआधी कधी खेळला नव्हता.

मे २००८ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात नेलं. टॉम हाऊस नावाच्या नावाजलेल्या पिचिंग प्रशिक्षकाकडे सोपवलं. नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांशी करार केला. सहा महिन्यांत शून्यापासून करार. हे खरंच घडलंय आणि पोरांच्या कष्टाला सलामच आहे.

सिनेमा तिथं संपतो, आणि पालक तिथपर्यंतच बघतात. पुढचं मी सांगतो.

करार झाला म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगमध्ये गेलं, असं नसतं. अमेरिकेत मोठ्या संघाच्या खाली मायनर लीगची शिडी असते. सगळ्यात खाली रूकी लीग, मग सिंगल ए आणि त्यातही पुन्हा पायऱ्या, मग डबल ए, मग ट्रिपल ए, आणि वर एकदाची मेजर लीग. दिनेशला दोन हंगामांनंतर, २०१० च्या शेवटी संघानं सोडलं. तो घरी परतला. रिंकू टिकला. दरवर्षी थोडा थोडा वर सरकत राहिला, आपल्या उन्हाळ्याच्या उलट हंगामात ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्येही खेळून आला. २०१२ साली तो वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाकडून ३९ सामने खेळला, ७२ इनिंगमध्ये ६५ स्ट्राइकआउट घेतले. चांगली कामगिरी आहे ही. पण ती शिडीच्या खालच्या अर्ध्यात. त्याच्यावर अजून तीन पायऱ्या होत्या आणि मग मेजर लीग. नंतर दुखापती, कोपराची शस्त्रक्रिया. २०१२ नंतर तो सामन्यात उतरू शकला नाही. २०१८ मध्ये तो कुस्तीच्या करमणुकीत, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. 'वीर महान' म्हणून तुमच्या पोरांनी बघितला असेल, तोच.

म्हणजे ३७ हजारांतून दोन. जगातल्या उत्तम प्रशिक्षकांपैकी एक. राहणं, जेवण, डॉक्टर, सगळं दुसऱ्याच्या खर्चानं. एवढं करून एक जण दोन हंगाम टिकला आणि दुसरा अर्ध्या शिडीपर्यंत पोहोचला. आणि आपण तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल बोलतोय.

आता 'भाला येतो, मग बॉलला काय अवघड' हा प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही. पाय रोवायचा, कंबर फिरवायची, खांद्यातून जोर काढायचा, ही साखळी दोन्हीकडं बरीच सारखी. त्या स्पर्धेत क्रिकेटचे बॉलर नाही तर भालावाले पुढं गेले ते उगाच नाही. क्रिकेटच्या बॉलरनं कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ केलं की नो-बॉल. बेसबॉलमध्ये सगळा खेळ वाकलेल्या कोपराचाच. बाउंड्रीवरून विकेटकीपरकडं जो थ्रो मारतो तो बेसबॉलच्या जास्त जवळचा.

पण भाला मोठ्यांचा ८०० ग्रॅमचा, बॉल जेमतेम १४५ ग्रॅमचा. भाल्याला धावत येता येतं, पिचर एका जागेवरून फेकतो. १८.४४ मीटरवर होम प्लेट, रुंदी ४३ सेंटिमीटर. त्या पट्ट्यातून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीत बॉल गेला पाहिजे. आणि भाल्यात फायनलला सहा फेकी, त्यातली सगळ्यात चांगली धरतात. पाच फुकट गेल्या तरी पदक मिळतं. पिचर एका सामन्यात ८०-९० बॉल टाकतो आणि त्यातला एक ढिला पडला की बॅटर तोच मैदानाबाहेर मारतो. भालावाल्या पोराचं डोकंच वेगळ्या हिशोबाचं तयार झालेलं असतं. ते बदलायला वर्षं जातात.

तरी पिचिंग त्यातल्या त्यात उशिरा शिकता येतं, कारण बॉल तुमच्या हातात असतो, सुरुवात तुम्ही करता. बॅटिंगचं काय? ताशी १४५ किलोमीटरचा बॉल प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, बॅट फिरवायची. याला ताकद कामाची नाही. लहानपणापासून हजारो बॉल बघितलेली नजर लागते.

मायकेल जॉर्डनचंच घ्या. बास्केटबॉलचा देव. १९९३ ला खेळ सोडला आणि १९९४ चा पूर्ण हंगाम बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल ए बेसबॉल खेळला. वय ३१. १२७ सामन्यांत सरासरी .२०२, म्हणजे पाच वेळा बॅटिंगला आला तर एकदा हिट. ११४ वेळा स्ट्राइकआउट. पण बेस चोरले किती? ३०. पाय तसेच्या तसे कामाला आले, नजर नाही आली. त्याचे मॅनेजर टेरी फ्रँकोना पुढं सांगत राहिले की अजून वेळ दिला असता तर तो वर पोचला असता. शक्य आहे. पण त्यांनीसुद्धा मागितला तो वेळच.

"मग अमेरिकेत तर दोन-दोन खेळ खेळणारे असतात, बो जॅक्सनचं काय?" असं आमचेच एक सहकारी म्हणाले. इथंच घोळ होतो. बो जॅक्सन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही व्यावसायिक खेळला, १९८९ ला ऑल-स्टार सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण तो शाळेत आणि कॉलेजात बेसबॉल खेळतच होता. तिकडं अनेक खेळ खेळणं म्हणजे हंगामानुसार खेळ बदलणं. थंडीत बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल, आणि हे वर्षानुवर्षं. तिथं ज्याला 'कच्चा माल' म्हणतात त्या पोराच्या मागं शेकडो सामने असतात. आपला कच्चा माल खरोखरच कच्चा.

एक तुलना मला फार महत्त्वाची वाटते. ज्या पायरेट्सनी २००८ मध्ये रिंकू-दिनेशला घेतलं, त्यांनीच त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून गिफ्ट एन्गोपे नावाचा पोरगा घेतला. घरची गरिबीच. जोहान्सबर्गजवळच्या रँडबर्गमध्ये एका बेसबॉल क्लबात आई कामाला. क्लबहाऊसमधल्याच एका खोलीत माय-लेकरं राहायची. दार उघडलं की मैदान. रडार गनची स्पर्धा जिंकून नाही आला तो, रोज खेळून आला. तरीसुद्धा त्याला मायनर लीगमध्ये आठ वर्षांहून जास्त काढावी लागली. एप्रिल २०१७ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला, आफ्रिका खंडात जन्मलेला पहिला खेळाडू. पहिल्याच बॅटिंगला हिट मारली. मला रिंकूपेक्षा या पोराचा सिनेमा बघायला आवडेल, पण त्यात लॉटरी नाही ना, कोण काढणार!

आता आपल्याकडं येतो. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे. आणि आम्ही पीटीवाले काय करतो? खरं सांगतो, मीही केलंय. तारीख जाहीर झाली की कबड्डीतला एक, भाल्याचे दोन, क्रिकेटचे पाच-सहा गोळा करायचे. आठ दिवस सराव, ग्लोव्ह चार, तेही एका कॉलेजकडून मागून आणलेले. तालुका, जिल्हा, जमलं तर विभाग. प्रमाणपत्र मिळालं, ग्रेस मार्क मिळाले, पोरं परत आपापल्या खेळात. पुढच्या वर्षी तारीख येईपर्यंत बॉल कपाटात.

म्हणजे ज्या 'कच्च्या पण तयार शरीराच्या' पोरांना शोधायला लोक परदेशातून येतात, ती दरवर्षी आपल्या मैदानांवर तीन दिवस बेसबॉल खेळतात आणि आपणच त्यांना घरी पाठवतो. पालकांनाही प्रमाणपत्रच हवं असतं, पाच टक्के आरक्षणासाठी. मी त्यांना नावं ठेवणार नाही, नोकरी कुणाला नको? पण मग 'टॅलेंट नाही' म्हणू नका. टॅलेंट शोधायची गरजच नाहीये, ते हजेरीपटावर आहे. सामने नाहीत.

एका पोराला वर्षाला किती सामने मिळतात? माझ्या टीमला गेल्या वर्षी चार मिळाले. चार! सरकारकडं माझं मागणं अकॅडमीचं नाहीच. जिल्ह्यातल्या सहा शाळांची, रविवारची, चार महिन्यांची साधी साखळी स्पर्धा ठेवा. एसटीचा पास, पंच आणि दोन डझन बॉल, एवढाच खर्च. उद्घाटनाच्या मंडपाच्या पैशांत होईल. यात भाला सोडायचीही गरज नाही. उलट सोडूच नये, बारा महिने एकच फेक करून तिकडं शाळकरी पोरांच्या कोपरांचीही ऑपरेशनं व्हायला लागलीत.

जाहिराती आत्ताच का वाढल्या, तेही सांगतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल परत येतोय. निर्णय झाला तो आपल्या मुंबईतच, ऑक्टोबर २०२३ च्या बैठकीत. दुबईच्या लीगमध्ये 'मुंबई कोब्राज' नावाचा संघही आहे. नाव ऐकलं की वाटतं दार उघडलं. पण ऑलिंपिकला संघ सहाच, आणि संघाच्या नावात मुंबई असली म्हणून आपल्या तालुक्यातल्या पोराला जागा मिळत नाही.

काल कंडक्टरदादांना सांगितलं, पैसे भरू नका. पोराचे बूट घ्या, दूध-अंडी सुरू ठेवा, बारावी होऊ द्या. ते जरा नाराज झाले. "सर, म्हंजी काय चान्सच न्हाई का?" मी म्हटलं, चान्स तीन महिन्यांत नाही. पाच वर्षं फेकायची तयारी असेल तर मी बरोबर आहे. पोरगं मागं उभं होतं. ते म्हणालं, "रविवारी किती वाजता यायचं?"

तर रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर सुरू करतोय. १८.४४ मीटर चुन्यानं आखलंय, होम प्लेट जुन्या टायरच्या रबराची कापलीय. पलीकडच्या गावच्या सरांनाही त्यांची टीम घेऊन या म्हटलंय. तुमच्यापैकी कुणी कॉलेजात सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळलं असेल आणि माळ्यावर ग्लोव्ह पडलं असेल तर द्या, फाटलेलं चालेल, आमचा चांभार शिवून देतो. आणि डावखुऱ्याचं, म्हणजे उजव्या हातात घालायचं ग्लोव्ह कुणाकडं असेल तर आधी मला फोन करा. पोरगं डावखुरं आहे आणि सध्या उलटं ग्लोव्ह घालून खेळतंय.