सूर्याचा फोटो जरूर काढा, पण डोळे सांभाळून

सूर्यग्रहण जवळ आले, की दवाखान्यात एक वेगळाच पेशंट येतो. त्याला दुखत-खुपत काहीच नसते. "डॉक्टरसाहेब, एखादी जुनी एक्स-रे फिल्म आहे का?" एवढेच तो विचारतो. मी नाही म्हणतो, आणि तो नाराज होऊन जातो.

आता एक्स-रे फिल्मची जागा दुर्बिणीने घेतली आहे. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, आपल्या शहरातून ग्रहण लागलेला सूर्य मावळताना दिसला. आमच्या गल्लीतला एक कॉलेजकुमार गच्चीवर दुर्बीण लावून मोबाईलने फोटो काढत होता. काळी काच त्याने बसवली होती, पण डोळा लावतो त्या बाजूला. मी ती काढून हातात घेतली, तर चांगलीच तापलेली. तडकली असती, तर?

उन्हात आपली बाहुली साधारण २ मिलिमीटर एवढी आकसते. दुर्बिणीचे साधे भिंग ६० मिलिमीटरचे असले, तरी ते बाहुलीच्या ९०० पट प्रकाश गोळा करते. म्हणून सौर फिल्टर हवा तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, सूर्याच्या बाजूला. तो वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टीने पक्का करावा. दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही झाकण लावावे. कॅमेरा असेल, तर त्याच्या खिडकीतून न पाहता पडद्यावर पाहून फोटो घ्यावा. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीला डोळा लावणे तर अत्यंत घातक. तो चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी असतो.

यात फसवणूक अशी, की दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. पडदा भाजला तरी डोळा दुखत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाचताना मधलीच अक्षरे पुसट दिसतात, समोर काळा ठिपका येतो. यावर खात्रीचे औषध नाही. अनेकांची नजर काही महिन्यांत सुधारते, पण काहींचा ठिपका जन्माचा सोबती होतो. असे लक्षण दिसल्यास मेडिकलमधून थेंब आणून टाकत बसू नये. घाटीत किंवा नेत्रतज्ज्ञांकडे तातडीने जावे.

ग्रहणाचे फोटो काढणे आपल्या मुलखाला नवे नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला होता. वऱ्हाडात तळणी येथे ॲनी माँडर या आयरिश बाईंनी सूर्याच्या प्रभामंडलाचे फोटो घेतले. पण ते खग्रास ग्रहण होते. सूर्य पूर्ण झाकला जातो, त्या मोजक्या वेळेतच फिल्टर काढता येतो. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण आपल्याकडून खंडग्रासच दिसणार. त्यामुळे इथे फिल्टर एक क्षणही काढायचा नाही.

मग मुलांना घरात कोंडायचे का? मुळीच नाही. फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने सिनेमा दाखवला होता. १९९५ मध्ये त्याच दूरदर्शनवर प्राध्यापक यशपाल ग्रहण समजावून सांगत होते. मला दुसरी वाट पटते. भीती घातली, की मुले चोरून पाहतात, आणि चोरून पाहणारा फिल्टर लावत नाही.

शाळांनी त्या दिवशी खिडक्या लावून घेण्यापेक्षा जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली एक दुर्बीण पटांगणात लावावी. दुर्बीण नसेल, तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडावी. मुलांनी सूर्याकडे पाठ करून तिचाच फोटो घ्यावा. खर्च शून्य, धोकाही नाही.

फोटो बिघडला तर पुढच्या ग्रहणात पुन्हा काढता येतो. दृष्टिपटल मात्र दुसरे मिळत नाही.