आजोबांचा डबा आणि मण्यांची माळ



गेल्या शनिवारी आमच्या चौथीच्या वर्गात कार्यानुभवाचा तास होता. ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू करायची होती. कुणी करवंट्या आणल्या, कुणी आईस्क्रीमच्या काड्या, तर कुणी जुहूच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपले. माळा ओवायला मणीही होते. एका मुलाने मात्र प्लास्टिकचा भला मोठा रिकामा डबा आणला. त्याला त्यात पेन्सिली ठेवायच्या होत्या. डब्यावरचा कागद सोलता सोलता मी वाचलं, तर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘अमिनो ॲसिड’!

“काय रे, तुझा दादा व्यायामशाळेत जातो वाटतं?” मी विचारलं.

“नाही बाई, हा आजोबांचा डबा. दुकानदार म्हणाला, या पावडरीने बी.पी. उतरतं. म्हणून आजोबांनी गोळ्या बंद केल्या.”

मी हातातली कात्री खाली ठेवली. बाकीच्या मुलांचं लक्ष मात्र वेगळ्याच शब्दाकडे होतं. “बाई, ॲसिडने तर भाजतं ना?”

नाही रे बाबांनो! लिंबाच्या रसातही आम्ल असतं. सगळीच आम्लं काही भाजत नाहीत. ही अमिनो आम्लं तर आपण रोज जेवतो. कशी, ते समोरच्या मण्यांवरूनच सांगितलं.

डाळ, दूध, अंडी, मासे यांत प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे एक लांबच लांब माळ आणि अमिनो आम्लं म्हणजे तिचे मणी. आपण जेवलो की पोटात आणि आतड्यात ही माळ तुटते, मणी सुटे होतात आणि रक्तात उतरतात. रक्त ते अंगभर पोहोचवतं. मग जिथे जशी गरज, तिथे तशी नवी माळ ओवली जाते : कुठे केसांची, कुठे नखांची, कुठे स्नायूंची. प्रथिनांसाठी मणी असतात २० प्रकारचे. त्यांतले ९ जेवणातूनच मिळवावे लागतात.

आता गंमत पाहा. काही मणी माळेत तर जातातच, पण त्यांच्यापासून शरीर निरोपेही तयार करतं. टायरोसीन नावाच्या मण्यापासून नॉरॲड्रेनॅलीन हे रसायन बनतं. ते रक्तवाहिन्यांना निरोप देतं, “आवळा!” आर्जिनीन नावाच्या मण्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनतो. त्याचा निरोप उलटा, “सैल व्हा!” हा वायू असं निरोप्याचं काम करतो, हे शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. बागेतला रबरी नळ चिमटीत दाबला की मागे पाण्याचा जोर वाढतो ना? रक्तवाहिन्या सतत आवळलेल्या राहिल्या की तसाच रक्ताचा दाब वाढतो.

पहिल्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “मग बाई, सैल करणारे मणीच पुष्कळ खाल्ले की झालं!”

प्रश्न अगदी रास्त होता. त्या दुकानदाराचंही हेच म्हणणं असणार. पण आर्जिनीन शरीर स्वतःही बनवतं, शिवाय शेंगदाणे, तीळ, डाळी, मासे यांतून ते मिळतंच. नुसते मणी वाढवले म्हणून निरोपे तेवढेच वाढतात असं नाही. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर निकोप नसेल, तर निरोप नीट तयारच होत नाही. आर्जिनीन दिल्यावर रक्तदाब थोडा उतरल्याचं काही प्रयोगांत दिसलं, हे खरं. पण २००६ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले १५३ रुग्ण त्यात होते. नेहमीच्या औषधांबरोबर काहींना आर्जिनीन दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आर्जिनीन घेणाऱ्यांत ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. हृदयाला फायदाही दिसेना. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. घरातलं वयस्क माणूस डॉक्टरांना न विचारता अशी पावडर घेऊ लागलं, तर काळजी का वाटावी, ते कळलं ना?

मग औषध खरं की नुसतीच ऐकीव गोष्ट, हे ठरवायचं कसं? त्याचा धडा आपल्या मुंबईतच गिरवला गेला आहे. सर्पगंधा नावाची एक छोटी वनस्पती आपल्या सह्याद्रीतही उगवते. तिचं मूळ वैद्य फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ‘लोक म्हणतात’ एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ५० रुग्णांना सर्पगंधा दिली, आधी आणि नंतर रक्तदाब मोजला, आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सारं मांडलं. बहुतेकांचा दाब उतरला होता. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसरपीन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते काय करतं? ‘आवळा’ म्हणणारं नॉरॲड्रेनॅलीन ज्या इवल्या पिशव्यांत साठतं, त्या भरूच देत नाही! १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. पुढे या औषधाने काहींचं मन फार उदास होतं असंही आढळलं, जास्त चांगल्या गोळ्या आल्या, आणि आज ते क्वचितच देतात. चांगलं असो की वाईट, कळलं ते नीट तपासल्यामुळेच.

शाळा सुटल्यावर आजोबा नातवाला न्यायला आले. मी हळूच विषय काढला.

“बाई, मला काही त्रास नाही हो,” ते हसत म्हणाले. “डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. रोज सकाळी चौपाटीवर दोन फेऱ्या मारतो. कशाला उगीच गोळ्या?”

मी काही बोलणार, तोच नातू म्हणाला, “पण आजोबा, मोजलंत का?”

आजोबा गप्प झाले. गोळ्या बंद केल्यापासून मोजलंच नव्हतं.

सोमवारी मुलाने सगळा वृत्तांत सांगितला. दोघे दवाखान्यात गेले होते. वरचा आकडा १७६, खालचा १०२! डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पावडर बंद केली, आणि लोणचं, पापड, सुकी मासळी यांवर जरा हात आखडायला सांगितलं. आता रोज सकाळी आजोबांनी गोळी घेतली की नातू कॅलेंडरवर फुली मारतो. आणि डबा? तो आमच्या वर्गात पेन्सिली सांभाळतो आहे.

मुलांनो, वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, आणि गुपचूप हृदय, मेंदू, मूत्रपिंडं यांना इजा करतो. म्हणून ‘त्रास नाही’ याचा अर्थ ‘दाब नाही’ असा होत नाही. पुन्हा पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि पालकहो, सुरू असलेली गोळी मनानेच बंद करू नका. मिठाचं म्हणाल, तर मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नको.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारा, “तुम्ही बी.पी. शेवटचं कधी मोजलंत?” उत्तर वहीत लिहा. ‘आठवत नाही’ असं उत्तर आलं, तर पाठ सोडू नका!

तुमच्या बाई