भूतानला निघताय? आधी आजीचं कार्ड शोधा

भूतानला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरी चिवड्यापासून कानटोप्यांपर्यंत सगळ्याची यादी झाली. निघायला आठ दिवस उरले आणि लक्षात आलं, की आईचं मतदार ओळखपत्र गावच्या कपाटातच राहिलंय. भावाने ते कुरिअरने पाठवलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. म्हणून सांगते, बॅगा नंतर भरा, आधी कागद काढा.

कागदपत्रं : भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी मोठ्यांकडे मतदार ओळखपत्र किंवा किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा. आधार कार्ड चालत नाही, आणि अनेक ज्येष्ठांची नेमकी इथेच अडचण होते. मुलांसाठी पासपोर्ट किंवा इंग्रजीतला जन्मदाखला घ्या.

खर्च : हॉटेलशिवाय प्रत्येक भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शुल्क द्यावं लागतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ते निम्मं आहे, त्याहून लहानांना माफ. म्हणजे चार मोठे, एक नऊ वर्षांची मुलगी आणि चार रात्री, एवढ्याचेच २१,६०० रुपये झाले. हा आकडा आधीच बजेटमध्ये धरा. तिथलं चलन नुलत्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे. मात्र उरलेल्या नोटा परतण्याआधीच संपवा, भारतात त्या चालत नाहीत.

तब्येत : थिंपू सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. पहिला दिवस आरामाचा ठेवा, पाणी भरपूर प्या. फुंटशोलिंगहून वर जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांनी गोळी जवळ ठेवावी. रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि नेहमीची औषधं हातातल्या पिशवीत घ्या.

कपडे : मठात आणि झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्ल्यात, जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, टोपी काढा. मंदिराच्या आत फोटो काढू नका.

पारोजवळचा टायगर्स नेस्ट मठ ३,१२० मीटरवर आहे आणि चढ दमवणारा. आमची आई अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियात थांबली. समोरच्या कड्यावरचा मठ बघत तिने निवांत चहा घेतला. नातीने वर जाऊन तिच्यासाठीही हात जोडले. घरातल्या सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या माणसाला झेपेल असा बेत आखा, म्हणजे सहल सगळ्यांचीच होते.